पिंजाऱ्याच्या लेकीचा हदिया

रमजानचा महिना लागला की वरवट बकालच्या मोहल्ल्यात जकात घराघरांतून फिरू लागते. कुणाच्या दारी गव्हाचं पोतं उतरतं, कुणाला साडी मिळते, कुणाच्या पोरांना कपडे. पण सय्यद दस्तगीरसाबांच्या घरापाशी आली की ती वाट बदलते आणि पलीकडच्या दारी जाते. यात कुणाची दुष्टाई नव्हती. सय्यद म्हणजे पैगंबरांच्या घराण्यातले, आणि जकात म्हणजे माणसाच्या मालाचा मळ. तो काढून टाकला की उरलेला माल पाक होतो. असला मळ त्या घराण्याच्या ताटात कोण वाढणार? म्हणून लोक दस्तगीरसाबांना वाकून सलाम करत, त्यांचा हात डोळ्यांना लावत आणि पोतं पुढे नेत. हात डोळ्यांना लावल्यानं चूल पेटत असती, तर त्या घरात दोन्ही वेळा बिर्याणीच शिजली असती.

चूल पेटवायची ती सबीहाला, म्हणून हे सगळ्यात जास्त तिलाच कळत होतं. सबीहा दस्तगीरसाबांची सून. तिचा नवरा आमीर तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेला. मागे उरले ती, बारा वर्षांची महेजबीन आणि सासरा. शेत कोरडवाहू, ते शेजारच्या किसनरावांना बटईनं दिलेलं. मागच्या हंगामात किसनरावांनी त्यात कपाशी लावली होती. अळी शिवणार नाही म्हणून चढ्या भावानं घेतलेलं ते बियाणं. पण दिवाळीनंतर बोंड फोडून पाहावं तर आत गुलाबी अळी, पाहुणी आल्यासारखी आरामात बसलेली. पहिल्या वेचणीतच कापूस संपला. किसनरावांनी उभी पऱ्हाटी उपटून टाकली, आणि बटईचा वाटा द्यायला काही नाही म्हणून घरच्या ज्वारीची दोन पोती आणून ओसरीत टाकली. मान खाली घालून टाकली बिचाऱ्यानं. चूक अळीची, आणि लाज माणसाला.

सय्यदाची सून मजुरीला जात नाही. कपाशी वेचायला नाही, निंदायला नाही, कुणाची भांडी घासायला तर नाहीच नाही. दस्तगीरसाब तावीज लिहून देत, आजारी पोरांवर दुआ फुंकून दम करून देत. हिंदू-मुसलमान सगळ्या आया लेकरं घेऊन येत आणि जाताना काहीतरी ठेवून जात. पण त्या वर्षी आयांच्या हातातच काही नव्हतं, तर त्या ठेवणार काय? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी त्या घराची गत झाली होती. सबीहा ज्वारीच्या पिठाला रोज थोडं जास्त पाणी लावायची आणि भाकरी मोठी दिसेल अशी थापायची.

रमजान ऐन उन्हाळ्यात आलेला. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. अशाच एका दुपारी बिलकीस खालाच्या घरी बायकांची बैठक भरली. बिलकीस खाला म्हणजे मोहल्ल्यातली वडीलधारी. तिच्या मुलाचं, अकीलचं, स्टँडवर कृषी केंद्र होतं, आणि जमातीच्या कमिटीतही तोच पुढे. आत बायका, मध्ये जाड पडदा आणि पडद्यापलीकडे ओसरीत मौलाना. मौलानांनी जकातीचे नियम सांगितले. चाळीसात एक. मालाला वर्ष झालेलं असावं. घरातल्या सोन्यावर आहे, तशी दुकानात विकायला ठेवलेल्या मालावरही आहे. बियाण्याच्या पिशव्यांवर आणि फवारणीच्या डब्यांवरही आहे, हे ऐकून ओसरीत बसलेल्या अकीलनं उगाच खोकून घेतलं. बायका पदराआड हसल्या.

मग अकीलनं कमिटीचा विचार सांगितला. या वर्षी सुटे पैसे वाटायचे नाहीत. पैसे सणात उडून जातात आणि माणूस होता तिथंच राहतो. त्यापेक्षा सगळ्यांची जकात एकत्र करून बकऱ्या घ्यायच्या, आणि ज्या बाईच्या घरात कमावतं माणूस नाही तिला दोन-दोन द्यायच्या.

"अन दिल्या म्हन्जे दिल्या बरं का," तो म्हणाला. "दावं त्या बाईच्या हातात. तिनं पाळाव, तिनं विकाव. आपन मागून हिशोब इचाराचा नाई. मालक करून देल्ल्याबिगर जकात अदा होत नाई, असं मौलाना म्हन्तात."

बकऱ्या म्हटल्याबरोबर सबीहाचा जीव हरखला. लहानपणी नांदुऱ्याला तिच्या माहेरी बकऱ्या होत्या. कोणती केव्हा गाभण राहील, कोणतीचं पोट कशानं फुगलंय, हे तिला डोळे मिटूनही कळायचं. घराच्या मागच्या अंगणात तिनं मनातल्या मनात दोन खुंटेसुद्धा ठोकून टाकले.

बिलकीस खालाचं तिच्याकडे लक्ष गेलं. खाला मनानं मोठी. तिनं पडद्याकडे तोंड करून विचारलं, "मौलानासाब, आमच्या सबीहाचं काय? सय्यदाची सून हाय ते. तिले कोनत्या रस्त्यानं देता येते का?"

मौलाना म्हणाले, नसब म्हणजे वंश, तो बापाकडून चालतो. लग्न केल्यानं कुणी सय्यद होत नाही. सूनबाई जर सय्यदाची बेटी नसेल आणि गरजू असेल, तर तिला जकात चालते. तिची मुलं मात्र सय्यद. मग त्यांनी विचारलं, "सूनबाईंचे वालिद कोण?"

"तेच तं वांधं हाय," बिलकीस खाला हळहळली. "ते बी सय्यदच. मेहकरचे. मंग राह्यलं."

सगळ्या बायकांनी सबीहाकडे कीव करून पाहिलं. सबीहाच्या जिभेवर एक नाव आलं होतं. ते तिनं गिळलं. रोज्यात काही गिळलं तर रोजा तुटतो, असा वेडा विचार तिच्या मनात आला, तिला हसू आलं आणि पाठोपाठ डोळे भरले.

ते नाव होतं फकीर मोहम्मद पिंजारी.

मेहकरशी सबीहाचा एवढाच संबंध की एकदा एस.टी. तिथं थांबली होती आणि तिनं खिडकीतून स्टँड पाहिलं होतं. ती नांदुऱ्याची. तिचा बाप खांद्यावर पिंजणाची लांब कमान टाकून गावोगाव हिंडायचा. हिवाळा लागला की लोक गाद्या-रजया उसवून दबलेला कापूस त्याच्यापुढे टाकत. कमानीची तात तो ठोकळ्यानं छेडायचा, टुंग-टुंग, टुंग-टुंग, आणि दगडासारखा झालेला कापूस फुलून घरभर व्हायचा. संध्याकाळी घरी आला की त्याच्या भुवयांवर कापूस असायचा. लहानगी सबीहा तो एकेक तंतू वेचून काढायची.

आमीर जिनिंगला कापूस घेऊन नांदुऱ्याला यायचा. तिथं त्यानं सबीहाला पाहिलं आणि हट्ट धरला. सय्यदाच्या घरात पिंजाऱ्याची लेक! दस्तगीरसाब पहिल्यांदा भडकले, मग एकुलत्या एका पोरापुढे नरमले, आणि नरमताना त्यांनी एक अट घातली. निकाह नांदुऱ्यात, चार माणसांत होईल; आणि वरवटमध्ये सगळ्यांना ती मेहकरच्या सय्यदांची म्हणूनच माहीत होईल. फकीर मोहम्मदनं लेकीच्या सुखापुढे मान हलवली. त्या दिवशी त्यानं लेक दिली आणि स्वतःचं नावही देऊन टाकलं.

बैठकीहून परतताना सबीहा घरी गेलीच नाही. भिंतीला भिंत लागून असलेल्या किसनरावांच्या ओसरीत जाऊन बसली. तिथं किसनरावांची आई मनकर्णाबाई तिच्या जाड गादीवर पाय पसरून बसलेली असे. म्हातारीचे गुडघे गेले होते, पण कान आणि जीभ शाबूत होती.

"काय झालं व पोरी? तोंड काऊन उतरलं?"

सबीहानं बकऱ्यांचं सांगितलं. मला चालत नाही, एवढंच सांगितलं; का, ते सांगितलं नाही.

मनकर्णाबाई आपल्या गादीवर थाप मारून म्हणाली, "हे गादी कोनं पिंजली, ठाऊक हाय का तुले?"

सबीहानं गादीकडे पाहिलं.

"तुह्या लगनाले वरीसबी झालं नसन. एक पिंजारी आला. म्या म्हटलं, बस बाप्पा, ह्या दोन गाद्या पिंजून दे. ते मानूस दुपारभर या ओसरीत पिंजत बसलं, अन दर घडीले तुमच्या भिंतीकडे पाहे. घामानं नुसतं चिंब. म्या पानी देल्लं, तं नाई म्हने. चहा देल्ला, तं नाई. मजुरी देऊ लागली, तं तेबी नाई. म्या म्हटलं, काऊन बे, आमचं पानी तुले चालत नाई का? तं हात जोडून म्हने, माय, तसं नाई. लेकीच्या गावचं पानी पेत नसतात."

सबीहाला ती दुपार आठवत होती. आठवत कसली, ती कधी सरलीच नव्हती. भिंतीपलीकडून टुंग-टुंग आवाज येत होता आणि तिला हाताची ओळख पटली होती. दुसरा कुणी पिंजारी तात तशी छेडत नाही. ती दाराकडे धावली, तर तेव्हा हयात असलेल्या सासूनं कडी लावली आणि ओठांवर बोट ठेवलं. आवाज थांबेपर्यंत सबीहा भिंतीला गाल लावून उभी होती. बाप परत कधी या गावाला आला नाही. मग एक दिवस तो गेल्याचीच खबर आली.

"तुमाले तवापासून माहीत होतं, माय?"

"होतं नं."

"मंग कोनाले बोलल्या काऊन नाई?"

"तुहं झाकलेलं मी कायले उघडू? तुले उघडाचं असन तवा तू उघडशीन." म्हातारीनं गुडघ्यावर हात फिरवला. "अजूनबी पाह्य, दबली नाई गादी. लय मन लावून पिंजली त्यानं."

सबीहानं त्या गादीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. तिला बकऱ्या हव्या होत्या, हे खरंच. पण आता बकऱ्यांच्या आधी तिला आपला बाप हवा होता.

सासऱ्याला न सांगता जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. दुपारनंतरची असरची नमाज झाल्यावर दस्तगीरसाब बाजेवर तसबीहची माळ घेऊन बसले होते, तिथं ती ओढणी सावरून उभी राहिली.

"अब्बा, उद्या मी बिलकीस खालाच्या घरी जाऊन माह्या बापाचं नाव सांगनार हाय."

तसबीह थांबली. दस्तगीरसाब आवाज चढवणारे नव्हते. ते हळूच म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची असते, बेटी."

"मुठीत काहीच नाई, अब्बा. पीठबी नाई."

म्हाताऱ्यानं पांढऱ्या दाढीतून हात फिरवला. "तुहा बाप तुहा हाय. तुले मना कराचा हक मले नाई. पन लोक मले झूटा म्हनतीन, हे समजून जाय. अन जकातीच्या बकरीच्या दुधाचा एक थेंब माह्या तोंडात जानार नाई. महेजबीनच्याबी नाई. सय्यदाचं लेकरू हाय ते."

इथं सबीहा अडकली. जे दूध पोरीच्या पोटात जाणार नाही, ते काढायचं कुणासाठी? तिनं महेजबीनला पाठवून बिलकीस खालातर्फे मौलानांना विचारलं. पोरगी धावत उत्तर घेऊन आली आणि दम न घेता सांगू लागली. पैगंबरांच्या घरी बरीरा नावाची एक बाई होती, गुलामीतून सुटलेली. तिला कुणीतरी सदक्यात, म्हणजे दानात, गोश्त दिलं. पैगंबरसाहेब घरी आले, तर हंडी चुलीवर शिजत होती आणि त्यांच्यापुढे मात्र सुकी भाकर. त्यांनी विचारलं, हंडीतलं काऊन नाई? तर घरचे म्हणाले, ते सदक्याचं आहे, तुम्हाला चालत नाही. तेव्हा ते म्हणाले, बरीरासाठी तो सदका. पण बरीरानं आम्हाला दिलं, तर तो हदिया.

"म्हन्जे अम्मी, बकरी तुले जकात," महेजबीन डोळे मोठे करून म्हणाली, "अन दूध मले हदिया. हदिया म्हन्जे गिफ्ट!"

दस्तगीरसाबांनी हे बाजेवरून ऐकलं. ही गोष्ट त्यांना का माहीत नव्हती? चांगली पाठ होती. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्या सुनेच्या हातून घेणं वेगळं. त्यांनी कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी बिलकीस खालाच्या अंगणात, भरल्या बायकांत सबीहा उभी राहिली. आवाज कापेल असं तिला वाटलं होतं, पण कापला नाही.

"मी मेहकरची नाई. सय्यदाचीबी नाई. नांदुऱ्याच्या फकीर मोहम्मद पिंजाऱ्याची लेक हाय मी."

बिलकीस खालाचा हात गालावर गेला. ओसरीत अकील गोंधळून मौलानांकडे पाहू लागला. आणि मग मागून कुणीतरी, फार मोठ्यानं नाही पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललं, "व माय! दोन बकऱ्यासाठी बाप बदलला!"

काही जणी हसल्या. पंधरा वर्षं सबीहानं बाप लपवला होता तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला, आणि आज खरा सांगितला तर तोच खोटा ठरत होता. ती परत फिरली असती. पण पाय जागचे हलले नाहीत, आणि ते बरंच झालं.

अकील अडखळत म्हणाला, "भाभी, तुमच्यावर अविश्वास नाई. पन कोनी सांगनारं असन तं... दस्तगीरसाबाले इचारू का?"

तो मशिदीत जाऊन विचारून आलासुद्धा. परत आला तो खांदे पाडून. दस्तगीरसाबांनी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. नुसतेच तसबीहचे मणी सरकवत राहिले होते.

एवढ्यात अंगणाच्या दाराशी काठीचा आवाज झाला. गुडघे गेलेली मनकर्णाबाई, किसनरावांच्या खांद्याला धरून, भर उन्हात आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पण भिंतीला भिंत असली की सगळं ऐकू जातं, बोलावणं लागत नाही. दारातच ती टेकली आणि पाण्याची, गादीची, जोडलेल्या हातांची सगळी हकिकत तिनं सांगितली.

"आता मले सांगा," शेवटी ती म्हणाली, "भर दुपारी पिंजाऱ्याले कापसाचा कचरा घशात जाते. तहान कशी लागते हे त्याच्या जिवाले माहीत. पोटची लेक असल्याबिगर कोनी घसा सुकवन का?"

हसणाऱ्यांनी माना खाली घातल्या. लेकीच्या गावचं पाणी न पिणारे बाप त्या प्रत्येकीनं पाहिले होते. मौलाना पडद्यामागून म्हणाले, देणाऱ्यानं नीट चौकशी करावी आणि मन ग्वाही देईल तिथं द्यावं. तेवढं त्याच्याकडे मागितलं जातं. अकीलनं एक दुभती आणि एक गाभण अशा दोन बकऱ्या आणवल्या आणि दावी सबीहाच्या हातात दिली. दोन्ही दावी हातात येईपर्यंत मौलाना खात्री करून घेत होते. त्यांना अर्धवट काम आवडत नसे.

बकऱ्या घरी आल्या, पण ते वाक्य मोहल्ल्यात राहिलंच. नळावर, दुकानात, इफ्तारच्या ताटांबरोबर ते फिरत होतं: दोन बकऱ्यासाठी बाप बदलला. मनकर्णाबाईचं म्हणणं ज्यांनी ऐकलं त्यांनी मानलं. ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांना चघळायला दुसरं काही नव्हतं. एकच माणूस हे मिटवू शकत होता, आणि तो तसबीह ओढत बसला होता. सबीहाला बाकी कशाचं काही वाटत नव्हतं. फक्त एवढंच वाटत होतं, की बाप जिवंतपणी या गावात लपला आणि मेल्यावर खोटा ठरला.

घरात मात्र दूध आलं. महेजबीन पहाटे सहेरीला पेलाभर दूध पिऊ लागली आणि आईला रोज "शुक्रिया हदियाबद्दल" म्हणून चिडवू लागली. दस्तगीरसाब काळा चहा पीत. काळ्या चहाचा त्यांना जन्मजात तिटकारा. प्रत्येक घोटाला त्यांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं व्हायचं. सबीहा आग्रह करत नसे. घेणाऱ्याची मर्जी नसेल तर तो हदिया कसला?

बकऱ्यांना मात्र सय्यद-पिंजारी असा फरक कळत नाही. गाभण बकरी एक दिवस दावं सोडवून ओसरीत आली आणि वाळत ठेवलेले ताविजाचे कागद खाऊन मोकळी झाली. दस्तगीरसाब काठी घेऊन उठले, आणि तिच्या पोटाकडे पाहून परत बसले. दोन दिवसांनी सबीहानं पाहिलं तर म्हातारा लिंबाची डहाळी तोडून तिला भरवत होता. सून दिसताच त्यानं डहाळी खाली टाकली आणि आभाळाकडे पाहू लागला. बकरीला देणं त्यांच्या हिशोबात बसत होतं. बकरीचं घेणं तेवढं बसत नव्हतं.

"लय खादाड हाय हे," ते आभाळाला म्हणाले.

"हाव अब्बा," सबीहा म्हणाली आणि हसू लपवत आत गेली.

असे रोजे सरले आणि ईद आली. दरवर्षी शीरखुर्म्याचं दूध लोकांकडून यायचं. यंदा कुणी आणलं नाही. सबीहानं बकरीचं दूध काढलं, थोड्याशा शेवया आणि खारका घालून शीरखुर्मा शिजवला. ईदगाहहून येऊन दस्तगीरसाब पांढऱ्या कपड्यांत बाजेवर बसले होते. तिनं वाटी भरली, त्यांच्यापुढे स्टुलावर ठेवली आणि उभी राहिली.

"अब्बा, हा हदिया हाय."

दस्तगीरसाबांनी वाटीकडे पाहिलं. "कोनाकडून?"

त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. तरी सबीहानं सांगितलं, पुरं सांगितलं. "फकीर मोहम्मद पिंजाऱ्याच्या लेकीकडून."

सबीहा आत चुलीपाशी गेली. वाटी निवत राहिली.

थोड्या वेळानं ईद मिळायला अकील आला, त्याच्यामागे मोहल्ल्यातली आठ-दहा माणसं. बायका दाराशी. रिवाजाप्रमाणे अकील वाकला आणि दस्तगीरसाबांचा हात डोळ्यांना लावायला त्यानं हात पुढे केला. दस्तगीरसाबांनी आपला हात मागे घेतला. अकील तसाच वाकलेला राहिला. म्हाताऱ्यानं स्टुलावरची वाटी उचलली, बिस्मिल्ला म्हटलं आणि सगळ्यांच्या देखत तोंडाला लावली. सावकाश, खारकेच्या तुकड्यासकट संपवली. मग दाढी पुसली.

"अकील, इकडं पाह्य. बाकीच्यायनंबी ऐकून घ्या." आवाज नेहमीसारखाच हळू होता. "मेहकर-बिहकर काई नव्हतं. ते मी सांगतलं होतं. माह्या सुनेनं बकऱ्यासाठी बाप नाई बदलला. तिचा बाप मी बदलला होता. माह्या इज्जतीसाठी."

दस्तगीरसाबांची नजर भिंतीकडे गेली, जिच्या पलीकडे मनकर्णाबाईची ओसरी होती.

"त्या दिवशी तो मानूस तठी दुपारभर तहानेला बसला होता. मी या बाजेवर होतो. पिंजन मलेबी ऐकू येत होतं. सोयरा होता माहा. उठून त्याच्या गळ्याले लागाव, एवढंबी माह्याकडून झालं नाई." रिकामी वाटी त्यांनी नातीपुढे धरली. "महेजबीन, सगळ्यायले वाट बेटा. अन देतानी सांगजो, फकीर मोहम्मद पिंजाऱ्याच्या घरचं हाय. मले अजून आन."

महेजबीन आत धावली तेव्हा चुलीपाशी सबीहा ओढणीत तोंड खुपसून रडत होती. लेकीला पाहून तिनं डोळे पुसले नाहीत, की हुंदका आवरला नाही. रोजे संपले होते, आणि आता तिला काहीही गिळायचं नव्हतं.